खानावळवाला नाटकात नव्हता

आमच्या दाजींना पोट नव्हतं. म्हणजे शर्टाच्या गुंड्या ताणतील एवढं होतं, पण नाटकवाले ज्याला पोट म्हणतात ते नव्हतं. आम्ही देवळापुढं खेळ करणारी माणसं. आमच्यात लिहिलेलं नाटक नसतं. खेळाआधी एकजण सगळ्यांना गोळा करून गोष्ट सांगतो: तू राजा, तू त्याची धाकटी राणी, पहिल्या प्रवेशात भांडण, तिसऱ्यात पूर, शेवटी सगळे भेटतात. बस्स. बाकीचं बोलणं-गाणं ज्यानं त्यानं उभ्याउभ्या आपल्या पोटातून काढायचं. ज्याच्याकडं साठा मोठा, त्याला आम्ही म्हणतो, याला पोट आहे. माझी थोरली बहीण ग्वे-हून, आमची अक्का, तिला एक अक्षर ओळखता येत नाही, पण पोट असं, की खेळात तीन दिवस नवऱ्याची वाट बघेल आणि एक ओळ परत म्हणणार नाही.

यात नियम एकच. समोरच्यानं टाकलेलं वाक्य खाली पडू द्यायचं नाही. काय वाटेल ते बोल, चुकीचं बोल, पण बोल.

दाजींचं नाव आ-तिक. शाळामास्तरांचा मुलगा. तेविसाव्या वर्षी आमच्या मंडळीच्या मागं फिरत फिरत पो-ते गावच्या मिठागरांपर्यंत आले आणि माझ्या बापाला म्हणाले, मला नट करा. बापानं शिपायाचं काम दिलं. अक्का सेनापती. आमच्यात पुरुषांची मोठी कामं बायकाच करतात, आणि अक्का मिशा लावून आली की म्हाताऱ्या सुपारी चघळायच्या थांबायच्या. तिनं विचारलं, "शिपाया, शत्रू किती आहेत?" आता काय अवघड आहे? चार म्हण, चार लाख म्हण. दाजींनी तोंड उघडलं, आणि आतून दार करकरावं तसा आवाज आला. शब्द एक नाही. लोकांनी शेंगांची टरफलं मारली. शेवटी अक्काच म्हणाली, "मोजता येणार नाहीत इतके आहेत, म्हणून बिचाऱ्याची वाचा बसली." टाळ्या पडल्या. पुढच्या वर्षी दोघांचं लग्न झालं.

बापानं मग त्यांना गोष्ट सांगायच्या कामाला लावलं. पुस्तकं वाचलेला माणूस, सांगायचे फार छान. पण सांगून झालं की पडद्यामागं उभे राहायचे आणि नट काय बोलतात ते ऐकून कपाळाला हात लावायचे. "आ-गिम, मी सांगितलं होतं ती म्हातारी मुलाला शाप देते. आणि तू तिथं उभी राहून तांदळाच्या शेवयांवर बोलतेस?" आता मी मंडळीतली विदूषक. शेवयांवर लोक हसतात, शापावर हसत नाहीत. पण दाजींना ते पटायचं नाही. त्यांचं म्हणणं, नाटक म्हणजे एका माणसाच्या डोक्यातून निघालेलं असावं, शब्द न शब्द ठरलेला. वर छप्पर असावं, लोकांनी गप्प बसून बघावं, आणि बाहेर पाटीवर लेखकाचं नाव असावं. खिशाला कायम पेन. सामानाची पेटी उचलायची वेळ आली की यांना नेमकं काहीतरी सुचायचं आणि हे लिहायला बसायचे. मी बोलायचे, "दाजी, पेटीची दुसरी कडी काय सरस्वती धरणार?" सरस्वती हे तुम्हांला कळावं म्हणून म्हटलं, आमच्याकडं विद्येचा देव वेगळा आहे, पण अर्थ तोच. ते ऐकून न ऐकल्यासारखं करायचे आणि दुसरी कडी अक्का धरायची.

एकदा, त्यांची मुलगी सो-खिम दहा वर्षांची असताना, सातव्या महिन्याच्या ऐन गर्दीत, भुताखेतांना जेवण घालायचे दिवस, रोज एक देऊळ, दाजी म्हणाले, ताइनानला जरीचा दोरा आणायला जातो, परवा येतो. ते चार महिन्यांनी आले. राजधानीला, ताइपेईला गेले होते. तिथं दूरदर्शनवाले नाटकं मागवतात असं त्यांनी पेपरात वाचलं होतं. त्या चार महिन्यांत ना निरोप, ना पत्र. अक्कानं स्वतः गोष्टी सांगितल्या. प्रवेशांची यादी लिहून टांगायची असते, तर हिनं चित्रं काढली: घोडा म्हणजे लढाई, वाटी म्हणजे विष. आम्ही सगळे त्यावरून खेळ करत होतो. आणि दाजी परत आले तेव्हा घरात कुणी एक शब्द विचारला नाही. अक्कानं पान वाढलं. मी तोंड उघडणार, तर तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी मूग गिळून गप्प बसले. चुकलं आमचं. तेव्हाच विचारायला पाहिजे होतं.

ताइपेईत बसून लिहिलेलं आणि दूरदर्शनवाल्यांनी परत केलेलं नाटक दाजी पुढं अकरा वर्षं दुरुस्त करत बसले. गोष्ट साधी. एक विद्वान परीक्षेसाठी राजधानीला जातो. घरी बायको वाट बघते. वर्षांमागून वर्षं जातात. शेवटी तो मोठा होऊन परत येतो, आणि बायको वाकून म्हणते, "स्वामी, तुमची वाट पाहण्यात माझा एक दिवसही वाया गेला नाही." संपलं. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हसले. मला मेलीला हसायला काय झालं होतं कोण जाणे. पण दाजींच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यांना खरंच वाटत होतं की हे त्यांनी आपल्या डोक्यातून काढलंय.

मग जिल्ह्याच्या स्पर्धेचं पत्रक आलं. लिखित नाटक आधी पाठवायचं, परीक्षक हातात वही घेऊन बसणार, लिहिलंय तेच बोलायचं, इकडचा शब्द तिकडे झाला की गुण कापणार. पहिलं येईल ते नाटक ताइपेईच्या मोठ्या नाट्यगृहात. छप्पर, पाटी, सगळं. दाजी तेव्हा पंचावन्नचे. देवळांनी आमच्याऐवजी पडदा लावून सिनेमे दाखवायला सुरुवात केली होती. ते मला म्हणाले, "आ-गिम, हे झालं तर मी उगाच जगलो नाही. नाही झालं तर मग काय, पेट्या उचलीन." मला त्यांची कीव आली. एवढा हट्टी माणूस, आणि त्याला पेटी उचलणं म्हणजे मरण वाटत होतं.

कामं वाटली. विद्वान अर्थातच अक्का. बायको सो-खिम. आता बघा गंमत. लेक आईचं काम करणार आणि आई बापाचं. हे दाजींच्या ध्यानातही आलं नाही. त्यांना फक्त आवाज कुणाचा कुठं चांगला लागेल एवढं कळत होतं.

तीन महिने तालीम. अक्काला वाचता येत नाही, म्हणून सो-खिमनं रोज सकाळी कालवं सोलता सोलता तिला ओळ न ओळ वाचून दाखवायची आणि अक्कानं ती घोकायची. साठीला टेकलेली बाई, आयुष्यभर हवं ते बोलत आलेली, आता "तथापि" आणि "तदनंतर" पाठ करत होती. चुकली की दाजी करवादायचे. "ग्वे-हून, 'परंतु' लिहिलंय, 'पण' नाही."

"अहो, 'पण' म्हटलं तर तो विद्वान नापास होतो का?" अक्का म्हणायची. पण मग गुपचूप 'परंतु' म्हणायची. एवढं ती कुणासाठी वाकली नव्हती.

शेवटच्या पानावर सो-खिम एक दिवस थांबली. "बाबा, हे वाक्य तुम्ही लिहिलंय?"

"सगळीच मी लिहिलीत."

"नाही, हेच. एक दिवसही वाया गेला नाही."

"त्यावरच तर नाटक उभं आहे पोरी," दाजी खुशीत म्हणाले. सो-खिमनं वही मिटली आणि कालवं सोलायला लागली. ती बापासारखी नाही, आईसारखीही नाही. पोटात काय आहे ते ओठावर येऊ देत नाही.

स्पर्धेचा दिवस. दुपारी दोनला आमचा खेळ. टाऊन हॉल, वर पंखे, लाकडी खुर्च्या, आणि पहिल्या रांगेत तीन परीक्षक मांडीवर वही घेऊन. कुणी शेंगा खात नव्हतं. आम्हांला तर आपण कुणाच्या मयताला आलोय असं वाटत होतं. दाजी इस्त्रीचा शर्ट घालून पडद्याच्या फटीशी उभे, हातात वही, ओठ हलतायत. मी शेजारी, कारण माझं नोकराचं काम दुसऱ्या प्रवेशातच संपलं होतं. आणि कशाला खोटं बोलू, खेळ असा रंगला की माझ्याही अंगावर काटा आला. अक्कानं एक 'परंतु' सोडला नाही. मधला परीक्षक पान उलटायचंही विसरला. दाजींनी माझा दंड धरला.

शेवटचा प्रवेश. विद्वान घरी येतो. अक्का निळ्या झग्यात, सो-खिम पांढऱ्यात. ढोलवाले छुआ काका काठ्या उचलून बसलेले. सो-खिमनं वाकायचं, ते वाक्य म्हणायचं, त्यांनी ढोल वाजवायचा, पडदा.

सो-खिम वाकली नाही. अक्काकडं बघत ती म्हणाली, "पत्र का नाही पाठवलंत?"

दाजींच्या तोंडून 'अं' असा आवाज आला. त्यांनी वहीत बघितलं, जणू त्यांनीच कधीतरी लिहून ठेवलं असेल.

आता अक्काचं बघा. चाळीस वर्षांची सवय. वाक्य खाली पडू द्यायचं नाही. तिला वही, परीक्षक, गुण काही दिसलं नाही. ती जाड्या पुरुषी आवाजात म्हणाली, "तुला कुठं वाचता येतं?"

"घरात मुलगी होती. चौथीत होती. तिला येत होतं."

लोक हसले. हजार वर्षांपूर्वीच्या गोष्टीत चौथी कुठून आली? पण सो-खिम हसली नाही, आणि मग लोकही हसायचे थांबले. डावीकडचा परीक्षक भराभर पानं चाळायला लागला.

अक्कानं हळूच टोपी काढली आणि म्हणाली, "लिहिली होती गं. रोज एक. पण दरवेळी शेवटी 'माझं काम झालं' असं लिहायची वेळ यायची, आणि ते लिहिता यायचं नाही. मग ते पत्र उशीखाली ठेवायचो. ठेवता ठेवता उशी एवढी उंच झाली, की रात्री मान दुखायची."

हॉलमध्ये कुणीतरी उसासा टाकला. मी म्हटलं, धन्य गं बाई तुझ्या पोटाची. कुठून काढलंस? आणि दाजींकडं वळून म्हणाले, "वाचलात. छुआ काकांना खूण करा. ढोल पडू दे, दोन-चार गुण जातील, बाकी नाटक वाचेल."

छुआ काका खरंच दाजींच्याच हाताकडं बघत होते, काठ्या वर धरून. नुसता हात खाली करायचा होता.

दाजी म्हणाले, "आ-गिम, मी एकही लिहिलं नव्हतं."

"आत्ता ते काय करायचंय?"

"आठवणच झाली नव्हती गं मला." त्यांनी वही माझ्या हातात दिली. खुंटीवरची माझी नोकराची टोपी घेतली, डोक्यावर ठेवली, आणि इस्त्रीच्या शर्टावर तसेच रंगमंचावर गेले. मला त्यांना धरायचं सुचलं नाही. तीस वर्षांत तो माणूस पडद्याच्या पुढं गेला नव्हता.

मध्यभागी जाऊन ते उभे राहिले. तोच करकरता आवाज. "बाई, मी राजधानीतला खानावळवाला. हे गृहस्थ माझ्याकडं उतरले होते."

अक्काच्या चेहऱ्यावरचा रंगही पांढरा पडला असावा.

"हे आत्ता बोलले ते खोटं आहे," दाजी म्हणाले. "ते तुम्हांला वाईट वाटू नये म्हणून बोलले. कागद यांच्याकडं पुष्कळ होता. त्यावर दुसरंच लिहायचे. पत्र एकही नाही. उशीखाली काही नव्हतं. मीच गादी झाडायचो."

सो-खिमनं विचारलं, "आजारी होते का ते?"

"नाही."

"एखादा दिवस तरी?"

"एकही दिवस नाही. धडधाकट होते. दोन वेळा जेवायचे. संध्याकाळी नदीकडं फिरायला जायचे."

मला हे ऐकवेना. कारण मला ठाऊक होतं. त्या चार महिन्यांत ती दहा वर्षांची पोर शाळेत जाता-येता भूमीबाबाच्या, म्हणजे गाव राखणाऱ्या देवाच्या, घुमटीपाशी थांबायची आणि रोज एक उदबत्ती लावायची. मी विचारलं तर म्हणाली होती, "मावशी, बाबा आजारी आहेत. नाहीतर त्यांनी पत्र नसतं का पाठवलं?" तिनं ते ठरवूनच टाकलं होतं.

रंगमंचावर सो-खिम बापाकडं वळली. मग म्हणाली, "बरं झालं. म्हणजे माझी उदबत्ती पोचली."

आता हा टोमणा होता की माया, मला आजही सांगता येत नाही. दाजी तोंड उघडून उभे राहिले आणि काही आलं नाही. मी सवयीनं अक्काकडं बघितलं. ती उचलेल. तिनं आयुष्यभर उचललंय. अक्का झग्याच्या लांब बाह्यांमध्ये हात घालून उभी होती आणि जमिनीकडं बघत होती. शेवटी छुआ काकांनीच आपल्या मनानं ढोल मारला आणि कुणीतरी पडदा ओढला. टाळ्या झाल्या, खूप झाल्या. आमच्यापैकी कुणी पुढं गेलं नाही.

तासाभरानं निकालाचा कागद हातात आला. नंबर नव्हता, ते सांगायला नकोच. दाजींनी तो सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचला, कारण अक्काला वाचून दाखवायची त्यांना सवय. "शेवटच्या प्रवेशात नटांनी संहिता सोडली, वीस गुण वजा. खानावळवाल्याचं काम करणाऱ्या वृद्ध नटाचा अभिनय अतिशय खरा वाटला. परंतु हे पात्र संहितेत नाही, आणि नटाचं नाव यादीत नाही. दहा गुण वजा."

मंडळीतली पोरं फसकन हसली. मीही हसले. दाजीही हसले, आणि मला वाटलं, चला, झालं गेलं मिटलं. सो-खिम पेटी बांधत होती. दाजी गेले आणि दुसरी कडी धरली. तिनं धरू दिली. दोघांनी पेटी ट्रकवर चढवली, मग दुसरी, मग तिसरी. एकदा पेटी तिरकी झाली तेव्हा सो-खिम म्हणाली, "बाबा, तुमच्या बाजूनं वर घ्या," आणि आवाज साधा होता. मला एवढं बरं वाटलं की डोळे भरून आले. म्हटलं, नाटक गेलं तर जाऊ दे. बाप तरी घरी आला.

उजेड अजून होता. ट्रक मिठागरांच्या रस्त्याला लागला. अक्का मागच्या फळीला टेकून बसली होती. अर्धा रंग पुसलेला, एक भुवई विद्वानाची आणि एक तिची. दाजी तिच्या शेजारी बसले. चूक कबूल केलेल्या माणसाचा चेहरा कसा हलका होतो, तसा त्यांचा झाला होता. म्हणाले, "ग्वे-हून, आज पहिल्यांदा मला शब्द सापडले. बघितलंस?"

"बघितलं," अक्का म्हणाली.

"नाटक बुडवलं मी. पण खरं बोललो."

"पोरीला खरं सांगितलंत, चांगलं केलंत. तिचा हक्क होता." अक्कानं रुमालानं दुसरी भुवई पुसायला घेतली. मग म्हणाली, "पण ती उशीखालची पत्रं मी आज तिथं उभी राहून नव्हती बनवली हो. तुम्ही गेलात त्याच आठवड्यापासून मनात बनवत होते. दर रात्री एक. काय लिहिलं असेल तेसुद्धा ठाऊक होतं मला. अकरा वर्षं मी त्या पत्रांवर काढली."

दाजींचा हात खिशातल्या पेनाकडं गेला.

"ती माझी होती," अक्का म्हणाली. "ती तरी ठेवायची होती मला."